युनायटेड किंग्डममधील पारलिंगी आरोग्यसेवेचा प्रतीक्षाकाळ

युनायटेड किंग्डममधील पारलिंगी आरोग्यसेवेचा प्रतीक्षाकाळ म्हणजे पारलिंगी, अर्थात ट्रान्सजेंडर, व्यक्तींना तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या लिंगभाव चिकित्सालयात पहिली भेट आणि त्यानंतरचे उपचार मिळेपर्यंत थांबावा लागणारा काळ होय. राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, ही करांच्या उत्पन्नावर चालणारी सार्वजनिक व्यवस्था असून ती रुग्णास उपचाराच्या वेळी बहुतांशी विनामूल्य मिळते. इंग्लंडमध्ये तातडीच्या नसलेल्या उपचारांसाठी कमाल १८ आठवड्यांची मर्यादा नियमांनी घालून दिली आहे. लिंगभाव चिकित्सालयांत मात्र पहिल्या भेटीसाठीच अनेक वर्षे थांबावे लागते. ऑगस्ट २०२२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये २६,२३४ प्रौढ व्यक्ती पहिल्या भेटीच्या प्रतीक्षेत होत्या आणि त्यांपैकी २३,५६१ व्यक्तींनी १८ आठवड्यांची मर्यादा ओलांडली होती. कागदावरील हक्क आणि प्रत्यक्ष सेवा यांतील हे अंतर संसदीय समिती, न्यायालये आणि मृत्युचौकशी अधिकारी यांच्यापुढे वेळोवेळी आले आहे.

पार्श्वभूमी

जन्मतः नोंदवलेले लिंग आणि स्वतःस जाणवणारी लिंगओळख यांत विसंगती असलेल्या काही व्यक्तींना तीव्र मानसिक अस्वस्थता जाणवते. वैद्यकशास्त्रात तिला लिंगभाव-अस्वस्थता असे म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून अमलात आली, ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली. वैद्यकीय साहाय्यात समुपदेशन, संप्रेरक उपचार, वाचा व आवाज प्रशिक्षण, केस काढण्याचे उपचार आणि शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. प्रत्येक पारलिंगी व्यक्तीस हे सर्व उपचार हवेच असतात असे नाही.

ब्रिटनमधील सर्वांत जुने प्रमुख लिंगभाव चिकित्सालय लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९६६ साली सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ जॉन रँडेल यांचे नाव त्याच्या आरंभकाळाशी निगडित आहे. २०१७ पासून हे चिकित्सालय टॅव्हिस्टॉक अँड पोर्टमन या एनएचएस न्यासाकडे आहे. या उपचारांचा खर्च सार्वजनिक निधीतून करावा किंवा नाही, याविषयी दीर्घकाळ वाद होता. १९९९ साली नॉर्थ वेस्ट लँकेशायर आरोग्य प्राधिकरणाविरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने निर्णय दिला की, लिंगबदल शस्त्रक्रियेस सरसकट निधी नाकारणारे धोरण बेकायदेशीर आहे. त्यानंतर सेवा मिळण्याच्या हक्काचा प्रश्न बराचसा मिटला. ती केव्हा मिळणार, हा प्रश्न उभा राहिला.

सेवेची रचना

इंग्लंडमध्ये रुग्ण प्रथम आपल्या जनरल प्रॅक्टिशनरकडे, म्हणजे ज्याच्याकडे त्याची नोंदणी आहे अशा कुटुंबवैद्याकडे जातो. हा वैद्य लिंगभाव चिकित्सालयाकडे शिफारसपत्र पाठवतो. प्रौढांसाठीची प्रस्थापित चिकित्सालये लंडन, लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम, डेव्हेंट्री, एक्सेटर आणि न्यूकॅसल अशा सात ठिकाणी आहेत. २०१३ पासून या विशेष सेवेचे नियोजन व निधिवाटप ‘एनएचएस इंग्लंड’ ही मध्यवर्ती संस्था करते. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो, एडिंबरा, ॲबर्डीन व इन्व्हर्नेस येथे, तर उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्ट येथे सेवा आहे. वेल्समधील प्रौढ रुग्णांना पूर्वी लंडनला जावे लागे. २०१९ पासून त्यांच्यासाठी कार्डिफ येथे स्वतंत्र सेवा सुरू झाली.

चिकित्सालयातील पहिली भेट म्हणजे उपचाराचा आरंभ नव्हे. सामान्यतः एकाहून अधिक भेटींत मूल्यमापन होते, त्यानंतर निदान नोंदवले जाते आणि मग संप्रेरकांची शिफारस केली जाते. प्रत्यक्ष औषधे लिहून देण्याची व नियमित रक्ततपासणीची जबाबदारी बहुधा पुन्हा कुटुंबवैद्याकडे सोपवली जाते. शस्त्रक्रिया हवी असल्यास चिकित्सालय शल्यविभागाकडे वेगळे शिफारसपत्र पाठवते आणि तेथे दुसरी प्रतीक्षा सुरू होते. अशा रीतीने एका यादीतून बाहेर पडलेली व्यक्ती दुसऱ्या यादीत दाखल होते.

अठरा आठवड्यांची मर्यादा

इंग्लंडमधील एनएचएसच्या सनदेनुसार तातडीच्या नसलेल्या, तज्ज्ञाच्या देखरेखीखालील उपचारांचा आरंभ शिफारसपत्रापासून कमाल १८ आठवड्यांत होणे हा रुग्णाचा हक्क मानला जातो. २०१२ च्या नियमावलीने यासाठी प्रमाणही ठरवून दिले. त्यानुसार प्रतीक्षेत असलेल्यांपैकी किमान ९२ टक्के रुग्णांचा प्रतीक्षाकाळ १८ आठवड्यांहून कमी राहील अशी व्यवस्था करणे आवश्यक आहे. लिंगभाव चिकित्सालयांनाही ही मर्यादा लागू असल्याचे एनएचएस इंग्लंडने मान्य केले आहे.

अलीकडच्या वर्षांत इतर अनेक वैद्यकीय शाखांतही ही मर्यादा पाळली गेलेली नाही. विशेषतः कोविड-१९ महासाथीनंतर सर्वच याद्या लांबल्या. परंतु लिंगभाव चिकित्सालयांतील विलंब महासाथीच्या बराच आधीचा आहे. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील महिला व समानता समितीने जानेवारी २०१६ मध्ये पारलिंगी समानतेवरील अहवाल प्रसिद्ध केला. एनएचएस पारलिंगी व्यक्तींना योग्य सेवा देण्यात कमी पडत असल्याची टीका करून समितीने प्रदीर्घ प्रतीक्षेकडे लक्ष वेधले होते. २०१७ साली सरकारने घेतलेल्या आणि १ लाख ८ हजारांहून अधिक लोकांनी प्रतिसाद दिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही लिंगभाव सेवा मिळवणाऱ्या किंवा तसा प्रयत्न करणाऱ्या पारलिंगी उत्तरदात्यांपैकी बहुसंख्यांनी ती सहज मिळाली नसल्याचे सांगितले. अडथळ्यांमध्ये लांबलेल्या प्रतीक्षायादीचा उल्लेख सर्वाधिक होता.

प्रतीक्षेचे मोजमाप

चिकित्सालये सामान्यतः ‘सध्या अमुक महिन्यात शिफारसपत्र आलेल्या रुग्णांना पहिली भेट दिली जात आहे’ अशा स्वरूपात माहिती प्रसिद्ध करतात. या माहितीवरून आज बोलावल्या जाणाऱ्या रुग्णाने किती काळ वाट पाहिली ते समजते. आज यादीत दाखल होणाऱ्यास किती काळ थांबावे लागेल ते समजत नाही. यादी वाढत असेल, तर नव्या रुग्णाचा प्रतीक्षाकाळ प्रसिद्ध आकड्याहून पुष्कळ अधिक असू शकतो.

नव्या रुग्णाचा अंदाजे प्रतीक्षाकाळ काढण्यासाठी यादीतील एकूण संख्येस दरमहा होणाऱ्या पहिल्या भेटींच्या संख्येने भागावे लागते. उदाहरणादाखल, एखाद्या यादीत १०,००० व्यक्ती असतील आणि दरमहा १०० पहिल्या भेटी होत असतील, तर शेवटच्या व्यक्तीचा क्रमांक १०० महिन्यांनी, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाने येईल. त्या वेळी चिकित्सालय चार वर्षांपूर्वीच्या रुग्णांना बोलावत असले, तर प्रसिद्ध होणारा आकडा मात्र चार वर्षांचाच असेल. ज्यांची गरज अन्यत्र भागली किंवा ज्यांनी नाद सोडला, अशा व्यक्तींची नावे यादीत राहिल्यास हा हिशेब काही प्रमाणात बदलतो.

कारणे

मागणीतील वाढ हे विलंबाचे एक प्रमुख कारण आहे. सामाजिक स्वीकार वाढल्याने आणि माहिती सुलभ झाल्याने २०१० नंतर शिफारसपत्रांची संख्या झपाट्याने वाढली. बालके व किशोरवयीनांच्या सेवेकडे २०११–१२ मध्ये २५० हून किंचित कमी शिफारसपत्रे आली होती. २०२१–२२ मध्ये त्यांची संख्या ५,००० च्या वर गेली. या वाढीचे अर्थ निरनिराळे लावले जातात. परंतु सेवेची क्षमता त्या प्रमाणात वाढली नाही, याविषयी फारसे दुमत नाही.

दुसरे कारण तज्ज्ञांच्या तुटवड्याचे आहे. वैद्यकीय शिक्षणात या विषयास अल्प स्थान असल्याने नवे तज्ज्ञ तयार होण्याचा वेग कमी राहिला. ज्या क्षेत्रात मोजकीच चिकित्सालये आहेत, तेथे एक-दोन डॉक्टर निवृत्त झाले किंवा सोडून गेले तरी संपूर्ण प्रदेशाची यादी खोळंबते.

तिसरे कारण सेवेच्या रचनेतच आहे. प्रत्येक रुग्णास, त्याची गरज सोपी असो वा गुंतागुंतीची, त्याच मोजक्या केंद्रांतून जावे लागते. संप्रेरक उपचार स्थिरावलेल्या रुग्णांना कुटुंबवैद्याने स्वीकारले नाही, तर ते चिकित्सालयाच्याच देखरेखीखाली राहतात आणि नव्या रुग्णांसाठी जागा रिकामी होत नाही. अनेक कुटुंबवैद्य पुरेसे प्रशिक्षण व निधी नसल्याचे कारण सांगून ही जबाबदारी स्वीकारण्यास नकार देतात.

शल्यसेवेत अवलंबित्व आणखी तीव्र आहे. काही शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक देशात अगदी थोडे आहेत. २०२० साली पारलिंगी पुरुषांवरील जननेंद्रिय शस्त्रक्रियांचा करार संपुष्टात आल्यावर नवी व्यवस्था होईपर्यंत ही सेवा खंडित झाली होती. अशा शस्त्रक्रिया अनेक टप्प्यांत होत असल्यामुळे काही रुग्णांचे उपचार अर्ध्यावर राहिले.

परिणाम

प्रतीक्षायादीत असलेल्या व्यक्तीस सहसा चिकित्सालयाकडून कोणतीही सेवा मिळत नाही. तिची जबाबदारी औपचारिकदृष्ट्या कुटुंबवैद्याकडे राहते. परंतु पुढील निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा अशी त्याची भूमिका असते. स्थानिक मानसिक आरोग्य सेवाही काही वेळा हा विषय लिंगभाव चिकित्सालयाचा असल्याचे सांगून रुग्णास परत पाठवतात.

ज्यांना परवडते ते खासगी डॉक्टरांकडे वळतात. मात्र खासगी तज्ज्ञाने सुचवलेली औषधे लिहून देण्यास कुटुंबवैद्य तयार होईलच असे नसते. त्यामुळे आर्थिक स्थिती व राहण्याचे ठिकाण यांवर उपचार अवलंबून राहतात. काही व्यक्ती परदेशातून किंवा अनधिकृत विक्रेत्यांकडून संप्रेरके मागवून स्वतःच घेतात. अशा औषधांची शुद्धता व मात्रा खात्रीची नसते, तसेच आवश्यक रक्ततपासण्या होत नाहीत. हा धोका ओळखून ब्रिटनमधील डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलने तात्पुरत्या औषधयोजनेची मुभा दिली आहे. रुग्ण स्वतःहून संप्रेरके घेत असेल किंवा तसे करण्याची दाट शक्यता असेल, तर स्वतःस इजा वा आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने कुटुंबवैद्य कमीत कमी मात्रेत औषध लिहून देऊ शकतो. प्रत्यक्षात अशी औषधयोजना करण्यास सर्व वैद्य राजी होत नाहीत.

विलंबाचे परिणाम कायदेशीर ओळखीवरही होतात. २००४ च्या लिंग मान्यता कायद्यानुसार जन्मनोंदीतील लिंग बदलण्यासाठीच्या सर्वसाधारण मार्गाने अर्ज करताना लिंगभाव-अस्वस्थतेचे निदान दर्शवणारे वैद्यकीय अहवाल द्यावे लागतात. निदानच वर्षानुवर्षे लांबल्यास खासगी खर्च न परवडणाऱ्या व्यक्तीचा अर्जही लांबतो.

प्रतीक्षा आणि मानसिक आरोग्य यांचा संबंध मृत्युचौकशांतही पुढे आला आहे. २०२३ साली इंग्लंडमध्ये एका तरुण पारलिंगी स्त्रीच्या आत्महत्येची चौकशी झाली. ती मृत्युसमयी लिंगभाव चिकित्सालयातील पहिल्या भेटीच्या प्रतीक्षेत होती. चौकशी अधिकाऱ्याने, ज्यास तेथे कॉरोनर म्हणतात, भावी मृत्यू टाळण्यासाठीच्या अधिकृत अहवालात सेवेतील विलंबाविषयी आणि प्रतीक्षाकाळात पुरेसा मानसिक आधार उपलब्ध नसल्याविषयी चिंता नोंदवली. आत्महत्येमागे सामान्यतः अनेक कारणे गुंतलेली असतात. तथापि प्रतीक्षेतील रुग्णाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न या चौकशीने अधोरेखित केला.

बालके व किशोरवयीन

अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठीची ‘जेंडर आयडेंटिटी डेव्हलपमेंट सर्व्हिस’ ही सेवा डोमेनिको दी चेली यांनी १९८९ साली लंडनमध्ये सुरू केली व पुढे ती टॅव्हिस्टॉक न्यासाकडे आली. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्यसेवांचे निरीक्षण करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने या सेवेस ‘अपुरी’ हा सर्वांत खालचा दर्जा दिला. त्या वेळी यादीत ४,६०० हून अधिक मुले होती आणि काहींना पहिल्या भेटीसाठी दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले होते.

या वयोगटात विलंबाचे स्वरूप वेगळे आहे. यौवनारंभी शरीरात होणारे बदल प्रतीक्षायादीसाठी थांबत नाहीत आणि त्यांतील अनेक बदल पुढे पूर्णतः पुसता येत नाहीत. तसेच वाट पाहता पाहता अनेक मुले प्रौढ सेवेच्या वयात पोहोचतात आणि त्यांना तेथे नव्याने वाट पाहावी लागते.

२०२० साली एनएचएस इंग्लंडने बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्याकडे या सेवेच्या पुनरावलोकनाचे काम सोपवले. एप्रिल २०२४ मधील त्यांच्या अंतिम अहवालात एका केंद्रावरील भार कमी करून प्रादेशिक केंद्रे उभारावीत, प्रत्येक मुलाचे सर्वांगीण मूल्यमापन व्हावे आणि १७ ते २५ वयोगटासाठी सलग सेवा असावी, अशा शिफारशी होत्या. यौवनारंभ लांबवणाऱ्या औषधांविषयीचा पुरावा दुर्बल असल्याचा निष्कर्षही त्यांनी काढला. मार्च २०२४ अखेर जुनी सेवा बंद झाली. त्यानंतर लंडन येथे तसेच लिव्हरपूल व मँचेस्टर येथे, आणि वर्षअखेरीस ब्रिस्टल येथे नव्या सेवा सुरू झाल्या. प्रारंभी त्यांची क्षमता मर्यादित असल्याने यादी लगेच कमी झाली नाही. नव्या व्यवस्थेत कुटुंबवैद्याचे थेट शिफारसपत्र स्वीकारले जात नाही. ते बालरोग वा मानसिक आरोग्य सेवेमार्फत यावे लागते. त्यामुळे यादीत नाव दाखल होण्यापूर्वी आणखी एक टप्पा वाढला आहे.

न्यायालयीन दावा

१८ आठवड्यांची मर्यादा पाळली जात नसल्याबद्दल चार व्यक्ती आणि ‘गुड लॉ प्रोजेक्ट’ व ‘जेंडर्ड इंटेलिजन्स’ या संस्थांनी एनएचएस इंग्लंडविरुद्ध दावा दाखल केला. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी जानेवारी २०२३ मध्ये तो फेटाळला. प्रौढांच्या यादीचे वर उल्लेखिलेले आकडे याच निकालपत्रात आहेत. बालके व किशोरवयीनांच्या यादीत त्या वेळी सुमारे ७,६०० नावे असून त्यांपैकी सुमारे ६,१०० जणांनी मर्यादा ओलांडल्याचे त्यात नमूद आहे.

वस्तुस्थितीविषयी वाद नव्हता. वाद कर्तव्याच्या स्वरूपाविषयी होता. नियमाने उद्दिष्ट गाठण्यासाठी ‘व्यवस्था करण्याचे’ कर्तव्य घातले आहे, ९२ टक्क्यांचे प्रमाण सर्व सेवांना मिळून लागू आहे, आणि ते साध्य झाले नाही एवढ्यावरून कर्तव्यभंग सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. विलंबाची कारणे व एनएचएस इंग्लंडने योजलेले उपाय विचारात घेऊन भेदभावाचा मुद्दाही अमान्य झाला. जुलै २०२३ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. परिणामी ही मर्यादा नियमांत कायम आहे. परंतु ती ओलांडली गेली एवढ्याच कारणावरून रुग्णास न्यायालयाकडून उपचारांची तारीख मिळवता येत नाही.

उपाययोजना

२०२० पासून इंग्लंडमध्ये काही नव्या पथदर्शी सेवा सुरू झाल्या. लंडनमधील ट्रान्सप्लस, ग्रेटर मँचेस्टरमधील इंडिगो तसेच चेशर व मर्सीसाइड परिसरातील सेवा या त्यांत पहिल्या होत. पुढे पूर्व इंग्लंड व ससेक्स येथेही अशा सेवा उभ्या राहिल्या. मोठ्या विशेष केंद्राऐवजी प्राथमिक आरोग्य सेवा किंवा लैंगिक आरोग्य चिकित्सालय यांच्या आधाराने काम करणे आणि प्रशिक्षित कुटुंबवैद्य व परिचारिकांना अधिक वाव देणे हे त्यांचे वैशिष्ट्य आहे. वेल्समध्येही स्थानिक पथकांमार्फत औषधयोजना करण्याची पद्धत स्वीकारली गेली. एप्रिल २०२४ मध्ये एनएचएस इंग्लंडने प्रौढ चिकित्सालयांच्याही पुनरावलोकनाची घोषणा केली व ते काम डॉ. डेव्हिड लेव्ही यांच्याकडे दिले.

मतभेद

विलंब अवाजवी आहे, यावर भिन्न मतांच्या गटांचेही बरेचसे एकमत आहे. उपायांविषयी मात्र तीव्र मतभेद आहेत. पारलिंगी संघटनांच्या मते प्रौढ व्यक्तीस संप्रेरकांचे लाभ-धोके समजावून तिच्या संमतीने कुटुंबवैद्याच्या पातळीवरच उपचार सुरू करता येतात आणि प्रदीर्घ मूल्यमापन हेच यादी लांबण्याचे एक कारण आहे. याउलट, उपचारांचे काही परिणाम अपरिवर्तनीय असल्याने, विशेषतः तरुण रुग्णांबाबत, सखोल मूल्यमापन आवश्यक असून त्यासाठी मनुष्यबळ वाढवावे, असे अन्य तज्ज्ञ म्हणतात. कॅस अहवालाच्या निष्कर्षांवरही दोन्ही बाजूंनी चर्चा झाली आहे. उपचार न देता वाट पाहायला लावणे म्हणजे ‘सावधगिरी’ नव्हे, कारण त्या काळात मूल्यमापनही होत नाही, हा मुद्दा या वादात वारंवार मांडला जातो.

इतर देश

सार्वजनिक व्यवस्थेतील असा विलंब केवळ ब्रिटनपुरता नाही. आयर्लंडमध्ये प्रौढांची सेवा डब्लिनजवळील लॉफलिन्सटाउन येथील एका केंद्रावर मुख्यतः अवलंबून असून तेथेही पहिल्या भेटीसाठी अनेक वर्षे लागतात. न्यूझीलंडमध्ये जननेंद्रिय शस्त्रक्रियांचा सरकारी निधी दर दोन वर्षांत चार शस्त्रक्रियांपुरता मर्यादित होता. २०१४ साली या शस्त्रक्रिया करणारे देशातील एकमेव शल्यचिकित्सक निवृत्त झाले आणि यादी शंभराच्या पुढे गेली. २०१८ साली तेथील सरकारने ही कमाल मर्यादा उठवली.

भारतात विलंबाचे स्वरूप वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य वैद्यकीय सेवा देण्याचे निर्देश केंद्र व राज्य सरकारांना दिले. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकली. तमिळनाडूने सरकारी रुग्णालयांत विनामूल्य शस्त्रक्रिया उपलब्ध करून देण्यात पुढाकार घेतला. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. तथापि ब्रिटनप्रमाणे चिकित्सालयनिहाय प्रतीक्षायादी येथे नियमितपणे प्रसिद्ध होत नसल्याने विलंबाची तुलना आकड्यांत करणे कठीण आहे.

हे सुद्धा पहा

राष्ट्रीय आरोग्य सेवा (युनायटेड किंग्डम)
लिंगओळख
तृतीयपंथी
नालसा विरुद्ध भारत सरकार
जागतिक आरोग्य संघटना